पुतणीची आठवी

गेल्या वर्षी होळीच्या आधी एका शनिवारी सकाळी सकाळी दादाचा फोन आला. दादा फोन करतो तो रात्री, जेवणं झाल्यावर. त्यामुळे सकाळी त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की पोटात धस्स होतं. पण यावेळी विषय निराळा होता.

"अबे, पोरीले आठवीत कुठं घालू ते सांग. तू शिकलेला आहेस."

हे शेवटचं वाक्य दादा कौतुकाने म्हणतो की टोमणा मारतो, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. एटापल्ली हे गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. चंद्रपूरहून आलापल्लीला यायचं आणि तिथून तीसेक किलोमीटर जंगलातून आत. १९८२ पर्यंत हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. पेपरात गावाचं नाव येतं ते नक्षलवाद्यांमुळे, आणि अलीकडे सुरजागडच्या लोखंडाच्या खाणीमुळे. आमचे बाबा वनखात्यात कारकून होते, बदलीवर आले आणि तिथलेच झाले. दादाने आयटीआय करून मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. मला पाचवीनंतर नागपूरला मावशीकडे पाठवलं. पुढे इंजिनीअरिंग, पुणे, कॉम्प्युटर वगैरे नेहमीची गोष्ट.

पुतणी तेव्हा सातवीत होती. तिची शाळा सातवीपर्यंतच. त्यामुळे कुठेतरी घालावं लागणारच होतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं. एका मोठ्या शहरातल्या निवासी शाळेचं माहितीपत्रक मी आधीच मागवून ठेवलं होतं. आठवीपासून 'फाउंडेशन कोर्स', दर रविवारी टेस्ट, रंगीत फोटो. फी बघून मलाही घाम फुटला, पण म्हटलं काका कमावतो कशाला? मी दादाला सांगून टाकलं, पैशाची काळजी करू नको.

होळीला घरी गेलो तेव्हा दोन गोष्टी घडल्या आणि माझं तयार उत्तर बिघडलं.

पहिली गोष्ट. वहिनींनी मला पोरीचा गणिताचा पेपर दाखवला. ५० पैकी ९. शेकडेवारीचं एकही उदाहरण बरोबर नाही. पोरगी दाराआड उभी, डोळे लाल. मी शहाण्यासारखं म्हणालो, "बघा, म्हणूनच चांगली शाळा पाहिजे."

त्याच दिवशी संध्याकाळी मी दुकानात बसलो होतो. एक जळालेला पंप आला होता. दादाने जुनी तार काढली, पोरीने ती काट्यावर टाकली आणि म्हणाली, "बाबा, एक किलो शंभर भरली. जळून थोडी कमी झाली असंल. नवीन सव्वा किलो पुरते, दीड नको काढू." मग कॉइलचे वेढे मोजत बसली. एका हाताने हँडल फिरवते, तोंडाने आकडा. मध्ये कोणी बोललं तर बोट वर करून गप्प करते आणि मोजणं चुकत नाही. आता मला सांगा, 'जळून थोडी कमी झाली असेल, तेवढी वाढवून धरू' हे शेकडेवारीचं उदाहरण नाही तर काय आहे?

दुसरी गोष्ट त्याच संध्याकाळची. लांबच्या गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्या माणसाने मला माडियात काहीतरी विचारलं. लहानपणी मला माडिया येत होती. म्हणजे भांडता येण्याइतकी नक्की येत होती. मी नुसता हसत उभा. पुतणीने वेढे मोजणं संपवलं, त्याला उत्तर दिलं, आणि मला म्हणाली, "काका, ते विचारून राह्यले होते का हा पाहुणा कोण आहे."

पाहुणा! ज्या दुकानासमोर मी गोट्या खेळलो तिथला पाहुणा. रात्री झोप आली नाही. मला चांगल्या शाळेत घातलं यात घरच्यांची काही चूक नव्हती, आणि त्या शाळेने मला पुण्यापर्यंत आणलं हेही खरं. पण त्या शिक्षणात घरची एकही गोष्ट कोणी कधी विचारली नाही. दुकान नाही, जंगल नाही, भाषा नाही. जे विचारलं जात नाही ते हळूहळू विसरलं जातं. आणि आता मी तेच पोरीसाठी फी भरून विकत घ्यायला निघालो होतो.

मग मी शोधायला लागलो. प्रकल्पांतून, कामांतून शिकवणारी छोटी माध्यमिक शाळा आपल्याकडे आहे का? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं की असलं काही परदेशातच असतं. प्रत्यक्षात आपल्या विदर्भातच त्याचा उगम निघाला! ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला, आणि 'नई तालीम' सुरू झाली. हाताचं काम मधल्या सुट्टीतला विरंगुळा म्हणून नाही, तर त्या कामातूनच गणित, विज्ञान, भाषा. सेवाग्रामची ती शाळा पुढे बंद पडली, पण २००५ मध्ये 'आनंद निकेतन' या नावाने पुन्हा सुरू झाली. मराठी माध्यम, दहावीपर्यंत, आणि परीक्षा आपल्या बोर्डाचीच.

आमच्या सगळ्यात जवळ म्हणाल तर हेमलकसा. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ साली आश्रमशाळा. पाड्यांवरची माडिया मुलं तिथे राहून शिकली, त्यातून डॉक्टर झाले, शिक्षक झाले. पाडा दहा-वीस घरांचा आणि मध्ये नद्या, तिथे मुलं निवासी ठेवण्याशिवाय इलाज नव्हता. पण ती शाळा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठी आहे. दुकानदाराच्या पोरीने तिथली जागा अडवावी असं आम्हाला कोणालाच वाटलं नाही.

म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही सेवाग्राम बघायला गेलो. दादा दुकान सोडून आला नाही. वहिनी, पुतणी आणि मी. एटापल्लीहून आलापल्ली, तिथून बल्लारशा, मग रेल्वेने सेवाग्राम. सगळा दिवस प्रवासात गेला.

शाळा बघून मी तर पागल झालो. मुलांच्या भाजीच्या वाफ्या आहेत. पेरणी त्यांची, हिशेब त्यांचा. स्वयंपाक, सूतकताई, सफाई हे सगळं अभ्यासातच धरलेलं. वर्ग छोटे. पुतणी एका वाफीपाशी उकिडवी बसली ती उठेचना. मी मनातल्या मनात भाड्याची खोली शोधायला लागलो होतो. वहिनी आणि पोरगी इथे राहतील, दादा येऊन-जाऊन, तीन वर्षांचा प्रश्न.

परतीच्या गाडीत वहिनी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "शाळा लय चांगली आहे भाऊजी. पण ती त्या गावच्या लोकाईची आहे. त्याईचं शेत तिथं, घर तिथं, पोरं तिथं. आपलं दुकान तं एटापल्लीले आहे. हिले इथं ठेवलं तं हे वांगे मोजन. तिचा बाप जे करते ते कोन मोजन?"

एवढं साधं वाक्य, पण मला आठ दिवसांत सुचलं नव्हतं. घरच्या कामाला अभ्यास मानणारी शाळा हवी म्हणून आम्ही पोरीला घरापासून तोडायला निघालो होतो. अशा शाळेत मुलगी 'पाठवता' येत नाही. तिच्यातलं अर्धं सामान घराचं असतं, आणि घर काही ट्रंकेत भरून नेता येत नाही.

मग उरलं काय? एटापल्लीतच अशी शाळा काढणं. मी लगेच कागद घेऊन बसलो (आम्हा लोकांना नवीन प्रोजेक्ट म्हटलं की चेव येतो). पण कायदा वाचला आणि कागद बाजूला ठेवला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतची शाळा मान्यतेशिवाय चालवता येत नाही. चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर रोजचे दहा हजारांपर्यंत. आमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी भाषेतली शाळा काढली. आपल्या गोटुलाच्या परंपरेतून, आपल्या भाषेत मुलांनी शिकावं म्हणून. ती अनधिकृत ठरवून नोटीस आली आणि गावाला हायकोर्टाची पायरी चढावी लागली. एक अख्खी ग्रामसभा मागे असताना ही स्थिती, तर वाइंडिंगच्या दुकानाची काय कथा? दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं हे खरं, पण आठवीतल्या पोरीच्या आईला ते सांगून बघा.

इथे मला पाबळ सापडलं. पुणे जिल्ह्यातलं पाबळ, म्हणजे माझ्या घरापासून दोन तासांवर. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून १९८३ साली त्या दुष्काळी गावात गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. २००३ मध्ये ते गेले, आश्रम चालू आहे. त्यांची मला पटलेली युक्ती अशी की त्यांनी असलेली शाळा मोडली नाही. साध्या माध्यमिक शाळेतच आठवी ते दहावी आठवड्यातला एक दिवस कामाचा ठेवायचा. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. शिकवायला गावातला गवंडी, सुतार, वायरमन. आणि काम खोटं-खोटं नाही, गावाला लागणारं. त्याचा खर्चही मुलांनीच काढायचा. बाकीचे दिवस नेहमीची शाळा, नेहमीचं बोर्ड.

आमच्या भाषेत सांगायचं तर अख्खी सिस्टीम नव्याने लिहायची नाही, चालू सिस्टीममध्ये एक छोटं मॉड्यूल घालायचं. हे दादालाही पटलं. (दादाला मॉड्यूल म्हणजे काय हे सांगावं लागलं. तो म्हणाला, "म्हंजे अख्खी मोटार नाई, एकच कॉइल बदलायची." अगदी बरोबर.)

पुतणीचं नाव गावातल्याच हायस्कुलात घातलं. तिथल्या एका मास्तरांना दादा जाऊन भेटला. त्यांनी सांगितलं, पूर्ण दिवस देता येणार नाही, पण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास मी स्वतः थांबतो, मुलं तुम्ही जमवा. सहा घरं जमली. एक भाताची शेती करणारं, एक किराणावाले, एक ट्रक ड्रायव्हर, दोन माडिया कुटुंबं आणि आम्ही.

पहिला प्रश्न मुलांनीच काढला: आपल्याकडे मोटारी एवढ्या का जळतात? दादाला उत्तर माहीत होतं, पण मास्तरांनी त्याला तोंड उघडू दिलं नाही. प्लगमध्ये खोचायचे छोटे व्होल्टमीटर मी इथून पाठवले. सहा घरं आणि दुकान, सकाळी सहा आणि संध्याकाळी सात, रोज आकडा लिहायचा. मुलं झोपलेली असली तर आई-बापाने लिहायचा. महिन्याभराने तक्ता लावला. सकाळी २२५ च्या आसपास, संध्याकाळी १६८ पर्यंत खाली. पाहिजेत २३०. म्हणजे ६२ कमी. २३० वर ६२ म्हणजे किती टक्के?

पुतणीने पाटीवर मांडलं: २७ टक्के. मागच्या पेपरातलं न सुटलेलं उदाहरण ते हेच. मास्तर म्हणाले, आता दादांनी बोलावं. मग दादाने सांगितलं की व्होल्टेज पडलं तरी पंपाला पाणी तेवढंच ओढायचं असतं, म्हणून मोटार जास्त करंट घेते, तार तापते, तारेवरचं वार्निश जळतं, खेळ खल्लास. मुलांनी वहीत शेवटी लिहिलं: पंप पहाटे चालवावा. दोन घरांनी वेळ बदललीसुद्धा. दादा मला फोनवर म्हणाला, "हे पोट्टे तं माह्याच धंद्यावर उठले ना बे!" :)

आता तुम्ही म्हणाल, वा, काय छान. थांबा. छान नसलेलंही सांगतो, कारण घरांच्या बाजूने बघितलं तर हिशेब सोपा नाही.

एक म्हणजे वेळ. नेहमीच्या शाळेत आई-बाप फी भरतात, डबा देतात, सुटले. इथे घरालाच गृहपाठ असतो. शनिवारचे दोन तास म्हणता म्हणता दादाची अर्धी दुपार जाते, आणि शनिवारी गिऱ्हाईक असतं. वहिनींनी वर्षभर एका वहीत त्याचा हिशेब ठेवला. तो आकडा मी इथे देत नाही, पण माझ्या माहितीपत्रकवाल्या शाळेच्या फीशी तुलना केली तर फुकट मुळीच पडलेलं नाही.

दुसरं म्हणजे भीती. ट्रक ड्रायव्हर गणपतीच्या सुमारास दुकानात आले आणि शांतपणे म्हणाले, "आमच्या बापजाद्यानं हातानं काम केलं म्हनून मी पोराले शाळेत घातलं. आता शाळाच म्हनते हातानं काम करा? तुमचा भाऊ पुण्याले कम्प्युटरवर बसते, तुम्हाले काय." त्यांनी मुलाला काढून घेतलं. मला राग आला नाही. आणला असता तरी टिकला नसता, कारण नई तालीमवर हाच आक्षेप जुना आहे: शिकलेल्यांची मुलं पुस्तकं वाचणार आणि खेड्यातल्यांच्या मुलांना तकली देणार. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घमेलं आहे त्याला श्रमाचं महत्त्व कोणी सांगावं? माझ्याकडे याला एकच उत्तर आहे आणि ते अर्धंच आहे. काम करून थांबलं तर ती मजुरी. मोजलं, लिहिलं, का असं विचारलं तर ते शिक्षण. पण मोजणं-लिहिणं करून घेणारे मास्तर बदलून गेले तर? तर ती पुन्हा मजुरीच. तो मुलगा आता दुसऱ्या गावी वसतिगृहात आहे आणि त्याचं बरं चाललंय असं ऐकतो.

तिसरं, मार्क. पुतणीला आठवीच्या शेवटच्या गणिताच्या पेपरात ५० पैकी २६ पडले. नऊवरून सव्वीस. पण इतिहासात घसरली. किराणावाल्यांच्या मुलाचे तर सगळेच मार्क होते तिथेच आहेत. चमत्कार झाला नाही.

पण एक गोष्ट झाली जी मार्कात दिसत नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. एका माडिया मुलीच्या घरचे सगळे पहाटे जंगलात, दुपारी पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर. एका पुड्यात ७० पानं. म्हणजे घराने दिवसात २०० पुडे बांधले तर १४,००० पानं हाताखालून जातात. त्या मुलीने वहीत लिहिलं की आई पानं मोजत नाही, हाताला जाडी कळते. मुलांना हे खरं वाटेना. मग त्यांनी तिच्या आईसमोर दहा पुडे सोडून मोजले. सात पुड्यांत बरोबर ७०. बाकीच्या तिघांत एखादं पान कमी-जास्त. मुलांनी ते तक्त्यात मांडलं, सरासरी काढली, आणि खाली त्या बाईंचं नाव लिहिलं. शनिवारी मुलगी आईला वर्गात घेऊन आली. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्या आल्या, फळ्यावरचं आपलं नाव मुलीने बोट ठेवून दाखवलं ते बघितलं, आणि माडियात काहीतरी म्हणाल्या. सगळी पोरं हसली. पुतणीने मला फोनवर अर्थ सांगितला: "मुकादम रोज माझ्याच पुड्याला खोट काढतो, त्याला पण हे दाखवा."

त्या दिवसापासून ती मुलगी शनिवारी कधी चुकत नाही असं मास्तर सांगतात.

अशी शाळा घराला काय देते, असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. पोरांना ती काय देते ते दहावीला कळेल, अजून दोन वर्षं आहेत, आणि वहिनींची त्या विचाराने अजूनही झोप उडते. पण ज्या घराला आजवर शाळेने फक्त 'पालकांची सही' एवढीच जागा दिली, त्या घराचं काम वहीत येतं. पोरगी शिकते आणि तरी घरची राहते. त्यासाठी इमारत लागत नाही, पण वेळ देणारा बाप, हट्टी आई आणि एक थांबणारा मास्तर लागतो. यातलं एक जरी निखळलं तरी सगळं बंद पडेल. हे इतकं नाजूक आहे, आणि मला त्यावर काही उपाय सापडलेला नाही. ती फी मी अजून बाजूला ठेवली आहे. दादाला माहीत आहे.

गेल्या रविवारी पुतणीचा व्हिडिओ कॉल आला. नववीची नवी वही उघडून बसली होती.

"काका, तुमच्या घरी संध्याकाळी सातले किती व्होल्टेज राह्यते?"

वीस वर्षं मी पुण्यात राहतोय, दिवसाचे दहा तास विजेवर चालणाऱ्या यंत्रापुढे बसतो. मला माहीत नव्हतं. तिने मला दोन दिवसांची मुदत दिली. सोमवारी ऑफिसातून येताना मी तसलाच एक व्होल्टमीटर घेऊन आलो, स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये खोचला, आणि बरोबर सात वाजता तिला आकडा कळवला. २३४.

तिने तक्त्यात आठवा रकाना आखला. वर लिहिलंय: काका, पुणे.